नावेच्या मोटरीचा इंधनपुरवठा व त्यातील बिघाड

धरणाच्या फुगवट्याकाठी ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांस बैलगाडी किंवा ट्रॅक्टर यांच्याइतकेच नावेचे महत्त्व असते, ही गोष्ट पाण्यापासून दूर राहणाऱ्या शेतकरी बंधूंच्या सहसा ध्यानात येत नाही. भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नदीचे पात्र दोहों बाजूंस पसरून इंदापूर व करमाळा ह्या तालुक्यांतील समोरासमोरची गावे एकमेकांपासून दुरावली. कोयनेच्या शिवसागर जलाशयामुळे जावळी व महाबळेश्वर तालुक्यांतील काही खोऱ्यांची तीच गत झाली. पैलतीरी मजूर न्यावयाचे, वैरण आणावयाची, बेणे पोचवावयाचे, आजारी माणसास दवाखान्यात न्यावयाचे, तर रस्त्याचा वळसा कित्येक कोसांचा पडतो आणि पाण्यावरची वाट थोडक्यात संपते. वल्ह्याचे श्रम व वेळ वाचविण्यासाठी अशा नावांच्या पाठीमागील फळीस बाहेरून अडकविण्याची पेट्रोलवरील मोटर पुष्कळ ठिकाणी वापरतात. हिलाच आउटबोर्ड मोटर असे म्हणतात.

ही मोटर काठावर असताना बंद पडली तर फार तर खोटी होते. भर पाण्यात बंद पडली तर प्रश्न निराळा. दि. २१ मे २०२४ रोजी कुगावाहून कळाशीकडे उजनीच्या पाण्यातून जाणारी प्रवासी नाव वादळी वाऱ्यात उलटून सहा माणसांचा अंत झाला. तो अनर्थ वाऱ्याने केला. यंत्रावर त्याचा ठपका ठेवण्याचे कारण नाही. परंतु वैशाखातील अशा वाऱ्यात नावेचे तोंड वाऱ्याकडे धरून ठेवणे हाच बचावाचा मार्ग असतो, आणि मोटर थांबली की नाव आपोआप आडवी होऊन लाट कडेवर घेते, हे नावाडी मंडळींस सांगावयास नको. म्हणून ज्या नावेत आपली माणसे बसतात तिची मोटर मध्येच का थांबते, हे मालकाने स्वतः जाणले पाहिजे. ते सर्वस्वी तालुक्याच्या मिस्त्रीवर सोपवून चालत नाही.

मिस्त्रीकडे नेलेल्या मोटरींची हकीकत ऐकली तर असे आढळते की, दट्ट्या झिजला, दांडा मोडला, अशी कारणे थोडी असतात. बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असते. त्यास इंधन मिळालेले नसते, अथवा मिळाले ते बिघडलेले असते. हा बिघाड शोधण्यास पाना, स्क्रूड्रायव्हर, एक स्वच्छ काचेची बाटली व थोडा धीर इतके साहित्य पुरते. मात्र शोध टाकीपासून आरंभून मोटरीकडे क्रमाने न्यावा. आपल्याकडे उलट चालते. मोटर बंद पडली की प्रथम कार्ब्युरेटर खोलतात, त्याचे बारीक भाग नावेच्या तळाशी सांडतात, आणि शेवटी दोष टाकीच्या झाकणात सापडतो.

इंधनाचा मार्ग

विहिरीवरील पंप ज्याने चालविला आहे त्यास हा मार्ग समजण्यास अडचण पडू नये. टाकी ही विहीर होय. टाकीच्या तळापर्यंत गेलेली नळी ही सक्शन पाइपासारखी असून तिच्या टोकास गाळणीची जाळी असते. वाटेत हाताने दाबावयाचा रबरी फुगा बसविलेला असतो; त्याच्या दोन्ही तोंडांशी एकमार्गी झडपा असतात आणि त्यांचे काम आपल्या फूटव्हॉल्व्हसारखेच, म्हणजे पुढे गेलेले मागे येऊ न देण्याचे. फुग्यावर बाण असतो. तो मोटरीच्या दिशेस हवा. पुढे एक छोटा फिल्टर, त्यानंतर मोटरीच्या अंगावरील लहान पंप, आणि शेवटी कार्ब्युरेटर. ह्या कार्ब्युरेटरात पेट्रोलाची एक वाटी असते व तीत फ्लोट तरंगतो. घरावरील पाण्याच्या टाकीत चेंडू वर आला की तोटी बंद होते, तसा हा फ्लोट वर येऊन एका काट्याने पेट्रोलाचे तोंड बंद करतो. वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रे असलेल्या पितळी जेटांमधून हवेत मिसळून यंत्रात जाते.

मोटरीवरील पंप दिसावयास क्षुल्लक असतो. दोन स्ट्रोकच्या मोटरीत त्यास निराळा दांडा नसतो. दट्ट्या खालीवर होताना यंत्राच्या पेटीत हवेचा दाब कमीजास्त होतो, त्या दाबावर पंपातील पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल ओढले जाते. त्यामुळे ह्या पंपाची ओढ बेताची असते. वाटेत थोडी हवा शिरली, जाळी थोडी चोंदली, की तो हार खातो.

सक्शन पाइपास भोक पडल्यास त्यातून पाणी बाहेर गळत नाही, आत हवा शिरते आणि पंप पाणी सोडतो, हे आपण सर्व जाणतो. नावेच्या इंधननळीसही हाच न्याय लागू आहे. ‘नळी कोठेच गळत नाही, म्हणून ती ठीक आहे’ हे अनुमान टाकी व पंप यांमधील नळीपुरते साफ खोटे आहे. नळी मोटरीस जोडण्याच्या टोकाशी असलेले रबरी कडे वाळले, नळीस उन्हाने तडा गेला, की थेंबही न गळता मोटर हवा धरते. नळीचा वीतभर तुकडा काढून त्या जागी पेट्रोलास टिकणारी पारदर्शक नळी तपासणीपुरती बसविली, तर पेट्रोलाबरोबर जाणारे बुडबुडे डोळ्यांस दिसतात व वाद मिटतो.

प्रथम काय पहावे

आरंभी दोष इंधनाचाच आहे की नाही याची खात्री करावी. चालकाच्या मनगटास बांधावयाची लाल दोरी आपल्या खाचेत आहे काय? ती निसटली असता मोटर कितीही दोरी ओढली तरी सुरू होत नाही, आणि ह्या एका कारणावर घामाघूम झालेली माणसे कमी नाहीत. गिअर मधल्या जागी आहे काय? एवढे पाहून प्लग काढावा. पुष्कळ वेळा दोरी ओढूनही प्लग कोरडा निघाला तर इंधन पोचत नाही असे समजावे. प्लग पेट्रोलाने चिंब असेल तर इंधन पोचते आहे; मग एकतर ते फाजील होते, किंवा ठिणगी पडत नाही, किंवा जे पोचते ते पेट्रोल राहिलेले नाही. ह्या तिसऱ्या शक्यतेविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे. ठिणगीची परीक्षा करावयाची तर ती काठावर, पेट्रोल सांडलेले नसताना व प्लगाच्या छिद्रापासून दूर करावी. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्याने ती नावेच्या तळाशी साचून राहते.

प्लग कोरडा असल्यास टाकीकडे जावे. सुटी टाकी असेल तर तिच्या झाकणावर हवेचे एक लहान मळसूत्र असते. नाव वाहनातून नेताना पेट्रोल हिंदकळू नये म्हणून ते बंद करतात आणि पाण्यावर गेल्यावर उघडावयाचे विसरतात. मोटर झटकन सुरू होते, पाचदहा मिनिटे उत्तम चालते, मग धापा टाकून थांबते. थोडा वेळ थांबून पुन्हा दोरी ओढली की पुन्हा तसेच. पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी टाकीत पोकळी होते व पंपास ओढवत नाही, इतकेच ह्यातील रहस्य. झाकण सैल करताच टाकी हवा ओढल्याचा आवाज करील, तर निदान झाले असे समजावे. काठापासून नेमके मध्यावर गेल्यावर हा दोष प्रकट होतो, म्हणूनच तो धोक्याचा आहे.

त्यानंतर फुग्याकडे पहावे. फुगा हे ह्या मार्गावरील नाडीचे ठिकाण होय. बाण वरच्या बाजूस करून तो हळूहळू दाबावा. काही वेळाने तो हातास कडक लागला पाहिजे. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल, तर टाकी रिकामी आहे, जोड नीट बसलेला नाही, नळी हवा ओढते आहे, अथवा फुग्याच्या झडपा निकामी झाल्या आहेत. मऊ राहतो आणि त्याच वेळी कार्ब्युरेटरातून पेट्रोल ठिबकते, तर फ्लोटचा काटा कचऱ्याने उघडा राहिला आहे. कडक होतो, पण प्लग कोरडाच राहतो, तर फुग्याच्या पुढे फिल्टर चोंदला असेल किंवा तोच काटा बंद स्थितीत चिकटला असेल. मोटर चालत असताना फुगा चपटा होऊन आत ओढला गेला, तर अडथळा फुग्याच्या मागे, म्हणजे हवेच्या मळसूत्रात किंवा टाकीतील जाळीत आहे. आणि मोटर मंदावली असता फुगा दाबत राहिल्याने ती पुन्हा जोर धरीत असेल, तर मोटरीवरील पंपाचा पडदा थकला आहे किंवा वाटेत हवा शिरते आहे. ही शेवटची खूण विशेष उपयोगी. कारण हाताने फुगा दाबीत दाबीत नाव काठास आणता येते.

कार्ब्युरेटर

इतके सर्व ठीक आढळल्यावरच कार्ब्युरेटरास हात लावावा. त्याच्या वाटीच्या तळाशी पेट्रोल काढून टाकण्याचे मळसूत्र असते. ते काढून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे व उजेडात धरावे. तळाशी पाण्याचे मणी, गंजाचे कण किंवा गढूळ थर दिसल्यास दोष कार्ब्युरेटराचा नसून टाकीचा आहे. टाकी धुतल्याशिवाय कार्ब्युरेटर शंभर वेळा साफ केला तरी व्यर्थ.

जेटांचा दोष मोटरीच्या वागण्यावरून ओळखता येतो. मोटर मोठ्या वेगाने चालते, पण वेग उतरवताच बंद पडते व चोक ओढल्याशिवाय मंद चालतच नाही, तर मंद गतीचा बारीक जेट चोंदला आहे. उलट मंद चालते पण वेग वाढवताच गुदमरते, तर मुख्य जेट किंवा त्याच्या मागचा पुरवठा अपुरा आहे. पहिला प्रकार अधिक आढळतो. मोटर महिना दोन महिने उभी राहिली की वाटीतील पेट्रोल उडून जाते व मागे राळेसारखा चिकटा राहतो; तो सर्वांत बारीक छिद्र प्रथम बुजवितो. हा चिकटा त्यासाठी मिळणाऱ्या द्रावणाने विरघळवून हवा मारून काढावा. हवा मारण्यास सायकलचा पंपदेखील चालतो. तार किंवा टाचणी घालून छिद्र कोरू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते, आणि मग मोटर पेट्रोल पिते व प्लग काळा करते.

सुरू होत नाही म्हणून कार्ब्युरेटराच्या तोंडात टोपणाने पेट्रोल ओतण्याची एक घातक चाल रूढ आहे. यंत्राने उलट झेप घेतली की ज्वाला तोंडातून बाहेर येते, आणि तेव्हा हातात पेट्रोलाचे टोपण असते. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढणे हेही असेच. पेट्रोल पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेले तर अधिक अनर्थ करते.

नव्या चार स्ट्रोकच्या कित्येक मोटरींत कार्ब्युरेटर नसतो. इंधन मोठ्या दाबाने फवारले जाते. अशा मोटरीत टाकी, नळी, फुगा व पाणी वेगळे करणारा फिल्टर येथपर्यंतच मालकाने तपासणी करावी. पुढील दाबाच्या नळ्या उघडणे हे जाणत्याचे काम होय.

पेट्रोलातील मद्यार्क

आता जी गोष्ट जुन्या पुस्तकांत आढळत नाही आणि आज सर्वांत अधिक त्रास देते तिच्याकडे वळू. पंपावर आज जे पेट्रोल मिळते ते निव्वळ पेट्रोल नव्हे. त्यात इथेनॉल म्हणजे मद्यार्क मिसळलेला असतो. ह्या मिश्रणाचे प्रयोग आपल्या देशात २००१ साली सुरू झाले, आणि पहिल्या तीन ठिकाणांपैकी मिरज व मनमाड ही दोन आपल्याच प्रांतातील होती. २००३ साली काही राज्यांत शेकडा पाच ह्या प्रमाणात मिश्रण विकावयास आरंभ झाला. २०२२ साली देशाची सरासरी शेकडा दहावर गेली, आणि २०२५ साली ती शेकडा वीसवर पोचली. हा मद्यार्क उसाच्या रसापासून, मळीपासून, तसेच मका व तांदूळ ह्या धान्यांपासून होतो. म्हणजे उजनीकाठचा बागाईतदार जो ऊस कारखान्यास घालतो, त्याचाच काही अंश त्याच्या नावेच्या टाकीत परत येतो. उसास गिऱ्हाईक वाढले ही आपल्या हिताची गोष्ट आहे, आणि मिश्रणास शिव्या देण्यात उस पिकविणाऱ्याने पुढाकार घेणे शोभत नाही. पण ज्या वस्तूस आपण हातभार लावतो तिचा स्वभाव आपण जाणला पाहिजे.

तो स्वभाव असा की, मद्यार्कास पाण्याची ओढ आहे. निव्वळ पेट्रोलात पाणी पडले तर ते वेगळे होऊन तळाशी बसते व काढून टाकता येते. मिश्र पेट्रोल थोडे पाणी आपल्यात मुरवून घेते आणि तोवर काहीच दिसत नाही. शेकडा दहा मद्यार्काचे पेट्रोल सुमारे अर्धा टक्का, म्हणजे लिटरास पाच मिलिलिटर पाणी, मुरवू शकते. शेकडा वीसच्या पेट्रोलाची मर्यादा याहून काहीशी अधिक आहे. ही मर्यादा ओलांडली की मद्यार्क पेट्रोलाची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी उतरतो. बारा लिटरांच्या टाकीत शेकडा दहाच्या पेट्रोलास ह्या कामी साठ मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहान कप भरेल इतके, पाणी पुरते. शेकडा वीसच्या पेट्रोलात पाणी थोडे अधिक लागते खरे, पण एकदा फाटले म्हणजे खाली बसणारा थरही मोठा असतो. थंडी वाढली की पाणी मुरविण्याची शक्ती घटते. म्हणून संध्याकाळी चालत असलेली मोटर पौषातील पहाटे हटून बसते, ह्यात नवल नाही. दूध नासावे तसे हे पेट्रोल नासते, आणि नासलेले पुन्हा जमत नाही. टाकी हलविली तर काही वेळ गढूळ दिसते व पुन्हा खाली बसते.

आता टाकीतील नळी कोठे असते ते आठवावे. ती तळाशी असते. मोटर प्रथम ओढते ते हेच मद्यार्क व पाणी यांचे मिश्रण. ते नीट पेटत नाही. प्लग ओला, ठिणगी चांगली, तरी मोटर मुकी. दोन स्ट्रोकच्या मोटरीत याहून वाईट परिणाम संभवतो. ह्या मोटरीत वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. प्रमाण बहुधा पन्नासास एक, म्हणजे लिटरास वीस मिलिलिटर. पेट्रोल फाटले की तेल वरच्या पेट्रोलाबरोबर राहते आणि खालच्या थरात वंगण नसते. अशा थरावर मोटर कशीबशी चालली, तर ती कोरडी चालते व दट्ट्या धरते. मग मात्र दोष लोखंडापर्यंत पोचला.

पाणी टाकीत येते कोठून, याविषयी लोकांत गैरसमज आहे. हवेतील ओलावा शोषला जातो हे खरे, पण ती क्रिया सावकाश होते. खरे पाणी येते ते उघड्या झाकणातून पडणाऱ्या पावसाचे, लाटेच्या शिंतोड्यांचे, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत रात्री गारठ्याने सुटणाऱ्या दवाचे. टाकी जितकी रिकामी तितके दव अधिक. म्हणून हंगामात चालू असताना टाकी भरलेली ठेवावी, आणि मोटर उभी करावयाची असेल तेव्हा ती पूर्ण रिकामी करावी. अर्धी टाकी हीच अडचणीची.

मद्यार्काचे आणखी दोन गुण ध्यानात घ्यावे. तो जुन्या प्रकारच्या रबरास फुगवितो व ठिसूळ करतो, आणि टाकीस वर्षानुवर्षे चिकटलेला मळ सोडवून पुढे लोटतो. म्हणून जुन्या मोटरीस मिश्र पेट्रोल मिळू लागले की आरंभी फिल्टर वरचेवर चोंदतो व नळ्या आतून सुटू लागतात. मद्यार्कास टिकतील अशा नळ्या, फुगा व पंपाचा पडदा बदलून घेणे हा खर्च टाळण्यासारखा नाही. दुसरे असे की, बहुतेक आउटबोर्ड मोटरींच्या माहितीपुस्तकांत शेकडा दहापर्यंतच मद्यार्क चालेल असे लिहिलेले असते. शेकडा वीसच्या पेट्रोलात लिटरमागे शक्ती सहासात टक्क्यांनी कमी भरते व जुन्या कार्ब्युरेटराचे मिश्रण पातळ होऊन यंत्र अधिक तापते. यास्तव पैलतीराच्या फेरीसाठी पेट्रोल पूर्वीपेक्षा थोडे अधिक घ्यावे, आणि मोटर तापत असल्यास मुख्य जेट एक माप मोठा बसविण्याविषयी जाणत्या मिस्त्रीचा सल्ला घ्यावा.

आपल्याला मिळालेल्या पेट्रोलात मद्यार्क किती आहे, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. शंभर मिलिलिटरच्या काचेच्या मापनळीत वीस खुणेपर्यंत पाणी घ्यावे; त्यात शाईचा एक थेंब टाकावा. त्यावर शंभर खुणेपर्यंत पेट्रोल भरावे, बूच लावून हलक्या हाताने हलवावे व दहा मिनिटे स्थिर ठेवावे. मद्यार्क पाण्यात उतरून खालचा रंगीत थर वाढेल. तो अठ्ठावीसच्या सुमारास थांबला तर प्रमाण शेकडा दहा, छत्तीसच्या सुमारास थांबला तर शेकडा वीस समजावे. वीसवरच राहिला तर मद्यार्क नाही. आकडा अगदी काटेकोर नसतो, पण कामापुरता पुरतो. प्रयोग उघड्या हवेत, चुलीपासून व विडीकाडीपासून लांब करावा. अशा रीतीने पाण्याने धुतलेले पेट्रोल चांगले झाले असे समजून ते मोटरीत घालू नये. मद्यार्क गेल्याने त्याचा दर्जा उतरलेला असतो व त्यात पाण्याचा अंश राहतो.

साठवण

पेट्रोल लागेल तितकेच आणावे. पंधरा दिवसांत संपणार नाही इतके घरी ठेवण्यात शहाणपण नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यान्वये स्वतःच्या उपयोगासाठी तीस लिटरांपर्यंत पेट्रोल परवान्यावाचून ठेवता येते, पण ते घट्ट बुचाच्या भांड्यात असले पाहिजे, आणि धातूच्या भांड्याची मर्यादा पंचवीस लिटरांची आहे. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांतून पेट्रोल नेण्याची जी पद्धत नावांवर दिसते ती कायद्यासही धरून नाही व शहाणपणासही. सुटी टाकी नावेतून उतरवून काठावर जमिनीवर ठेवून भरावी. तेल मिसळावयाचे ते तेथेच, थोड्या पेट्रोलात आधी ढवळून, मग उरलेले पेट्रोल घालून मिसळावे. चार स्ट्रोकच्या मोटरीच्या पेट्रोलात तेल मुळीच घालावयाचे नसते, हे नव्याने मोटर घेणारांनी पक्के विचारून घ्यावे.

ज्यांची नाव नाही त्यांनीही हा भाग वाचून सोडून देऊ नये. पेट्रोलवरील फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, ही सर्व ह्याच जातीची आहेत; त्यांच्या टाक्या तर शेराचे माप भरेल एवढ्याच असल्याने थोड्या पाण्याने नासतात. खरिपाच्या फवारणीनंतर पंप तसाच भिंतीस टांगून ठेवतात व पुढील सालात दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतात.

भर पाण्यात मोटर थांबली तर

प्रथम नांगर टाकावा, मग यंत्राकडे पहावे. पुष्कळ जण उलट करतात, आणि निदान होईपर्यंत नाव खडकावर किंवा बुडालेल्या बाभळींच्या खुंटांत गेलेली असते. नांगर नावेच्या पुढच्या टोकास बांधावा, म्हणजे तोंड वाऱ्याकडे राहते. माणसांस खाली बसवावे व तरंगण्याची जाकिटे अंगावर आहेत हे पहावे. त्यानंतर दोरीची खाच, झाकणाचे मळसूत्र, नळीचा जोड आणि फुगा, एवढेच पहावे. सामान्यतः दोष ह्या चोहोंत सापडतो. न सापडल्यास वल्ही हाती घ्यावी. लाटेवर हलणाऱ्या नावेत कार्ब्युरेटर खोलणे हे काम नव्हे. नावेत वल्ह्यांची जोडी, एक जादा प्लग, प्लगाचा पाना, जादा फिल्टर, नळी आवळण्याचे दोन पट्टे आणि शिट्टी असावी. मोटर आहे म्हणून वल्ही घरी ठेवणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

पावसाळ्यापूर्वी

ज्येष्ठात नाव वर ओढून ठेवण्याचा दिवस आला की मोटरीची इंधननळी सोडवावी व मोटर तशीच चालू देऊन वाटीतील पेट्रोल संपवावे. मोटर आपोआप थांबेल. त्यानंतरही वाटीच्या तळाशी थोडे उरते, ते खालचे मळसूत्र काढून बाटलीत घ्यावे. टाकीतील पेट्रोल चांगले असल्यास घरच्या मोटरसायकलीत वापरून टाकावे, मात्र ते तेल मिसळलेले नसावे. नासलेले पेट्रोल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. ते गॅरेजवाल्याच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात द्यावे. टाकी आतून कोरडी करून झाकण लावून छपराखाली ठेवावी. नळी वाटोळी गुंडाळून उन्हापासून दूर टांगावी. उंदीर ती कुरतडतात, एवढे लक्षात असावे.

पाऊस सरल्यावर मोटर नावेवर चढविण्यापूर्वी ती काठावर पाण्याच्या पिंपात चालवून पहावी. खालचा पंखा व त्यावरील थंडाव्याच्या पाण्याची जाळी पूर्ण बुडेल इतके पाणी पिंपात असावे, आणि बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार बाहेर पडते की नाही हे पहावे. कोरडी मोटर अर्धा मिनिटही चालवू नये, कारण थंडाव्याच्या पंपातील रबरी चक्र तेवढ्यात जळते. ताजे पेट्रोल, नवा फिल्टर, फुगा कडक. मग मंद गतीवर दहा मिनिटे व थोड्या वाढत्या गतीवर पाच मिनिटे न अडखळता चालली, तरच पहिल्या फेरीस माणसे बसवावी.